जोडशोध्या

लग्नाच्या कार्यालयात मंगलाष्टकं चालू असताना ज्याची नजर नवरा-नवरीच्या डोक्यांवरून पलीकडे जाऊन मागच्या पडद्यावर रुतलेली असते, तो जोडशोध्या. अक्षता हातातच राहतात. शेवटचं 'सावधान' होऊन वाजंत्री सुरू झाली तरी ह्याचं मोजणं संपलेलं नसतं. घरी आल्यावर आई विचारते, "काय रे, सुमनची सून कशी आहे?"

"डिजिटल प्रिंटचा पडदा होता. साडेतीन फुटांवर तोच गुलाब परत येतो. आणि जोडावरच्या गुलाबाला देठच नाही."

"अरे, सून विचारतेय मी!"

"सून मधोमध उभी होती ना. एक अख्खा रिपीट झाकला तिने."

हा आमचा मित्र धंद्याने पार्श्वभूमीवाला. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात, पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत जिना चढलं की एक डीटीपीचं दुकान लागतं. तिथे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तो बसतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पतसंस्थेचे अहवाल, मसाल्याची पाकिटं, वेबसाइट असं सगळं त्या दुकानात होतं, पण ह्याच्याकडे येतं ते फक्त मागचं. नावं, फोटो, गणपती, मजकूर ही कामं बाकीची पोरं करतात आणि ह्याला मनातून त्यांची दया येते. "पुढचं काय, कोणीही करतं," असं त्याचं मत आहे.

त्याचा सगळा जन्म एका पेचात अडकलेला आहे. पार्श्वभूमी साधली असं कधी म्हणायचं, तर ती कुणाच्या लक्षात आली नाही तेव्हा. म्हणून ती कुणाच्या लक्षात येऊ नये यासाठी तो रात्र रात्र मरतो, आणि मग कुणाच्याच लक्षात आली नाही म्हणून दोन दिवस घरात धड बोलत नाही.

ह्या कामात नेमकं काय करतात, हे तो कुणालाही समजावून सांगतो. ऐकणाऱ्याने विचारलेलं असण्याची अट नाही. समजा, भिंतीचा फोटो आहे. त्यातून १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा चौकोन कापला आणि तोच शेजारी शेजारी लावत गेलं, तर प्रत्येक चौकोनाच्या कडेला रेघ दिसणार, कारण उजवी कड डावीशी जुळत नाही. मग फोटोशॉपमधला 'ऑफसेट' नावाचा फिल्टर काढायचा आणि चित्र ५१२ आडवं, ५१२ उभं सरकवायचं. उजवीकडून जे बाहेर पडतं ते डावीकडून आत येतं, खालचं वरून येतं. म्हणजे चारी कडा मधोमध येऊन भेटतात आणि चित्राच्या छातीवर भलंथोरलं अधिकचं चिन्ह उमटतं. बाहेरच्या कडा आपोआप जुळलेल्या, आणि लपवायचं ते सगळं डोळ्यांसमोर. मग क्लोन स्टॅम्प घ्यायचा, आजूबाजूचा पोत उचलायचा आणि त्या चिन्हावर थोडा थोडा सारवत राहायचं. कडेला मात्र बोट लावायचं नाही. लावलं की केलेलं सगळं पाण्यात.

इथपर्यंत कुणीही पोचतं. जोड गेला की शिकाऊ पोरगं हुश्श करून चहाला उठतं. जोडशोध्याचं खरं दुखणं तिथून पुढे. एकट्या तुकड्यात गोड दिसणारी गोष्ट, म्हणजे फळीतली गाठ, भिंतीवरचा पोपडा किंवा एखादं वाकडं पान, शंभर तुकडे लावले की शंभरदा दिसते, आणि रांगेत दिसते. डोळा बाकी सगळं सोडून तेवढीच मोजत बसतो. म्हणून तीही पुसायची. ज्या गाठीसाठी त्या फळीचा फोटो काढला, ती गाठच आधी हाकलायची. नजरेत भरण्यासारखं जे जे असेल ते ते शोधून काढून टाकायचं, आणि एवढं करून फळी फळीच वाटली पाहिजे, सनमायका नव्हे. मग मोठ्या पानावर तो तुकडा अंथरून हा खुर्ची मागे सरकवतो, डोळे किलकिले करतो आणि मान तिरकी करून बघत राहतो. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, ह्याचा चष्मा घरी राहिला.

फोटोसाठी त्याला लागते ढगाळ हवा. उन्हात भिंत एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला मळकट येते. नुसत्या डोळ्याला कळत नाही, पण तुकडे लावले की उजेडाचे पट्टेच्या पट्टे दिसायला लागतात. त्यामुळे आषाढात कपडे वाळत नाहीत म्हणून सगळं पुणं करवादत असतं तेव्हा हा खुशीत असतो. छत्री काखोटीला मारून पेठांतून हिंडतो आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींसमोर अगदी सरळ रेषेत उभा राहतो. आपल्याकडे भिंतीचा फोटो काढणारा माणूस बिल्डरचा तरी असतो नाहीतर महापालिकेचा, त्यामुळे वरून प्रश्न येतोच.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही हो. तुमचा पोपडा फार सुंदर आहे."

यावर एका भाडेकरूने त्याला आत बोलावलं, आतल्या खोलीचे पोपडेही दाखवले आणि मालकाविरुद्धच्या अर्जाला हे फोटो जोडता येतील का, असं विचारलं. हा म्हणाला, येतील, पण सलग करायला दोन दिवस लागतील.

घरी निराळं काही नाही. भाकरी ताटात पडली की, "अहो, गार होईल." "थांब गं, उजेड चांगला आहे." त्याच्या संग्रहात भाकरीचा पापुद्रा आहे, गोणपाट आहे, गंजका पत्रा, ओलं सिमेंट, रद्दीतला पिवळा कागद आणि सासऱ्यांच्या कोटाचं कापड आहे. कोटातले सासरे कुठेच नाहीत. बसमध्ये समोरच्या सीटवरच्या बाईंच्या साडीकडे टक लावून बघताना तो एकदा पकडला गेला. "काय बघताय?" असं त्यांनी फणकाऱ्याने विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे नाही ताई. रोटरी स्क्रीनचं छापील कापड आहे. स्क्रीनचा घेर ६४ सेंटिमीटर असतो, तेवढ्यावर नक्षी परत यायला पाहिजे. ती मोजतोय." कंडक्टरने पुढच्या स्टॉपला त्याला उतरवलं. उतरताना त्याने सीटच्या रेक्झिनकडेही एकदा बघून घेतलं, हे मी पाहिलं आहे.

ह्या माणसाचं दुर्दैव असं की तो महाराष्ट्रात जन्मला, जिथे मागचं दिसायचं तर पुढची माणसं बाजूला व्हावी लागतात, आणि ती होत नाहीत. प्रभागातल्या एका माननीयांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला होता, २० बाय २० फुटी. पार्टीची मागणी एकच, "मागे काहीतरी भरा. मोकळं मोकळं वाटता कामा नये." ह्याने पैठणीच्या काठावरची आसावलीची वेल घेतली. ती अर्ध्या उतरणीने लावली, म्हणजे शेजारची प्रत्येक ओळ निम्म्याने खाली सरकवली. त्याने डोळ्याला आडवी रांग सापडत नाही. वॉलपेपरवाल्यांची जुनी युक्ती आहे. पानांच्या कडांना जरीची झाक दिली. ती झाकही सगळीकडे सारखी वाटू नये म्हणून बसून बसून कमीजास्त केली. मला बोलावून दाखवली तेव्हा खरोखर सुरेख दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे.

मग फोटो यायला लागले. मध्ये माननीय, दोन्ही हात जोडून. वरच्या अंगाला राज्याचे आणि दिल्लीचे नेते. त्यांत कुणाचं डोकं किती इंच, यावर तीन फोन. खाली शुभेच्छुक. शुभेच्छुक सकाळी ९ होते, दुपारी २१ झाले आणि मशीनवर फाइल जाता जाता एक पोरगा धापा टाकत येऊन "भाऊंचा राहिला" म्हणत बाविसावा देऊन गेला. आसावली उरली ती दोन भाऊंच्या कानांमध्ये, वीतभर.

ती वीतभर बघायला हा रात्री चौकात गेला. मलाही ओढून नेलं. आता फ्लेक्सचा रोल असतो १० फूट रुंद, त्यामुळे २० फुटी कामाला दोन पट्टे छापून मधोमध चिकटवावे लागतात. चिकटवणाऱ्याने उजवा पट्टा चार बोटं खाली लावला होता. जोड बरोबर माननीयांच्या नाकावरून उतरून मिशीतून गेला होता, आणि मिशीची एक बाजू 'आगे बढो' म्हणत होती तर दुसरी राजीनाम्याच्या तयारीत होती. चौकात माणसं थांबून थांबून बघत होती. पानवाल्याने तर गल्ला सोडून बाहेर येऊन पाहिलं. ह्याचा चेहरा रडवेला झाला.

"बघितलंस? वेल तुटली."

"अरे, मिशी बघ मिशी!"

"मिशी एकदाच येते रे. वेल रिपीट होते."

त्याच्या टेबलाच्या काचेखाली गजाननमहाराजांच्या शेजारी विल्यम मॉरिसच्या 'स्ट्रॉबेरी थीफ'चं छोटं चित्र आहे. १८८३ सालचं कापड. केल्म्स्कॉटच्या मॉरिसच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या कस्तूर पक्षी पळवून नेत, तर ह्या गृहस्थाने त्या चोरांनाच निळीच्या जमिनीवर छापून ठेवलं. नवीन पोरगं दुकानात लागलं की पहिल्या दिवशी त्याला ही कथा ऐकावी लागते. दुसरी एक गोष्ट तो जास्त चवीने सांगतो. मॉरिसने १८६२ साली आपला पहिला वॉलपेपर रेखाटला, त्यातले पक्षी त्याचे नाहीत, फिलिप वेब नावाच्या मित्राने काढलेत. ह्या गोष्टीवर त्याचं एवढं प्रेम का, तर ह्यालाही पक्षी जमत नाहीत. माणसं तर नाहीतच.

वेबसाइटच्या जमान्यातली त्याची सुरुवात मात्र त्याने काचेखाली ठेवलेली नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट आपल्याकडे सर्वांना खुलं केलं आणि त्याच वर्षी नेटस्केपच्या ब्राउझरात पानाच्या मागे चित्र भरायची सोय झाली. टेलिफोनच्या तारेवरून मोठं चित्र उतरेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून एक लहानसा तुकडा पाठवायचा आणि ब्राउझरनेच तो पानभर अंथरायचा, अशी ती काटकसर होती. जगभर लोकांनी तारे अंथरले, ढग अंथरले, संगमरवर अंथरला, आणि वर पिवळ्या अक्षरांत मजकूर लिहिला. आमच्या मित्राने एका मंगल कार्यालयाला संगमरवर घातला होता. जोड इतके ठसठशीत की पान उघडणाऱ्याला न्हाणीघरात शिरल्यासारखं वाटे. त्या पानाची आठवण काढली की तो अजून विषय बदलतो.

पुढे त्याचे दिवस आले आणि गेलेही. २०१३ साली अॅपलच्या आयओएस ७ ने फोनमधलं लिनन, चामडं, पत्त्यांच्या टेबलावरचं हिरवं फेल्ट एका फटक्यात बाहेर काढलं. सगळीकडे सपाट रंग आले. इकडे अप्पा बळवंत चौकातल्या पार्ट्यासुद्धा म्हणायला लागल्या, "प्लेन ठेवा हो, हल्ली प्लेन चालतं." त्या महिन्यात घरात गोडधोड करू दिलं नाही, असं त्याची बायको सांगते. मग ह्याने तोड काढली. पांढऱ्यावर पांढऱ्याचाच पोत करायचा, करड्याची झाक इतकी फिकी ठेवायची की छापल्यावर ती आहे हे फक्त दोघांना ठाऊक, एक तो आणि दुसरा वर. पार्टी म्हणते प्लेन छान झालंय. हा मान डोलावतो, आणि संध्याकाळी मला फोन करून विचारतो, "आंधळी आहेत का रे ही माणसं?"

घरात लाद्या बसवायला मिस्त्री आला तेव्हा ह्याने त्याला धरला. सपाट जागेवर नक्षी परत परत मांडायची तर सममितीच्या रीती १७च आहेत, अठरावी नाही. फ्योदोरोव नावाच्या रशियनाने १८९१ सालीच सिद्ध केलं, १९२४ साली पोल्याने पुन्हा केलं, वगैरे. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपण दोनच करतो साहेब. सरळ नाहीतर तिरकी. तिरकीला वेस्टेज जास्त जातं."

२०२३ साली बातमी आली की इंग्लंडात डेव्हिड स्मिथ नावाच्या माणसाने १३ बाजूंचा एक आकार शोधलाय. त्या एकाच आकाराच्या लाद्यांनी, काही पालथ्या घालून, हवी तेवढी जमीन बिनफटीची भरता येते, पण नक्षी पहिल्यापासून पुन्हा सुरू म्हणून कधी होत नाही. गणितज्ञांनी त्याची सिद्धता दिली. आणि हा स्मिथ कोण, तर छापखान्याच्या कामातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ! "आपल्यातलाच निघाला!" म्हणून ह्याने दुकानात पेढे वाटले. दुपारनंतर मात्र गप्प गप्प झाला. चार वाजता माझ्याजवळ येऊन म्हणाला, "परत येतच नाही म्हटल्यावर माणसाने शोधायचं काय?"

मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला ह्याला बरोबर नेणं हा वहिनींचा निर्णय होता, आणि तो त्यांना महागात पडला. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात गाद्यांवर सगळे बसले. दुकानदाराने जांभळी पैठणी काढून पदर पसरला. मोर. बायका रंग चढतो का उतरतो ते बघण्यात गुंतल्या. वहिनींनी किंमत ऐकून चेहरा जमेल तेवढा कोरा ठेवला होता आणि 'जरा जास्तच सांगताय' हे वाक्य ओठांवर आणून ठेवलं होतं. इतक्यात हा ओणवा होऊन पदरावर बोटं ठेवत म्हणाला, "ह्या मोराची मान त्या मोरापेक्षा आखूड आहे. आणि ह्या तिसऱ्याचा पिसारा एका बाजूला कलंडलाय."

वहिनींना वाटलं, बरं झालं, खोट सापडली, आता उतरेल. दुकानदाराचा चेहरा मात्र उजळला. "वा साहेब! काय नजर आहे! हेच तर मघापासून सांगतोय ताईंना. येवल्याच्या विणकराने एकेक मोर हाताने भरलाय. सगळे एकसारखे येतीलच कसे? यंत्रमागावरची असती तर सगळे मोर एका मापाचे निघाले असते. उलटी करून बघा ना."

ह्याने पदर उलटा केला. मागे एक धागा लोंबत नव्हता. जशी पुढची बाजू तशीच मागची, मोर तेच, चोच तीच, फक्त तोंडं दुसरीकडे. जन्मभर ज्याने मागच्या बाजूची बाजू घेतली त्याला आणखी काय हवं? त्याने शेजारच्या गादीवरच्या दोन अनोळखी बायकांनाही बोलावून ती उलटी बाजू दाखवली. त्यातल्या एकीने तशीच दुसरी काढायला सांगितली. दुकानदाराने ह्याच्यासाठी खास उसाचा रस मागवला आणि पैठणीची किंमत एक रुपयाने उतरवली नाही. रिक्षात वहिनी बोलल्या नाहीत. हा रिक्षाच्या हूडचं कापड न्याहाळत होता.

गेल्या हंगामात मात्र त्याच्या आयुष्याचं सार्थक झालं. झालं असं की एका पार्टीला पत्रिका हातकागदाची हवी होती आणि हातकागदाचा भाव ऐकल्यावर नको होती. ह्याने शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून दोन ताव स्वतःच्या पैशांनी आणले, स्कॅन केले आणि त्यातलं एकूण एक तूस, गवताची काडी, फिकट पिवळा डाग राखून सलग पोत केला. बारा-अठराच्या शीटवर तो आरपार भरला, म्हणजे एका शीटातून कापलेल्या चारही पत्रिकांवर पोताचा वेगवेगळा भाग यावा. छापलं साध्या आर्ट कार्डवर. ५०० पत्रिका गेल्या.

तिसऱ्या दिवशी वधूपिता गठ्ठे घेऊन जिना चढून आला. धाप लागलेली, आवाज चढलेला. "गोडाऊनमध्ये सडलेला कागद लावलात तुम्ही! हे बघा. तूस निघालंय. इथे पिवळं पडलंय. शुभकार्याची पत्रिका आहे की पंचवीस वर्षांपूर्वीचा सातबारा?"

मालक समजावायला लागले की ते छापलेलं आहे, डिझाइन आहे. वधूपिता ऐकेना. "डिझाइन? आमच्या आईने ओल्या फडक्याने पुसून बघितलं. जात नाही!"

एवढ्यात कोपऱ्यातून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"ओल्या फडक्याने पुसलं?"

"दोनदा."

"डाग सगळ्या पत्रिकांवर सारखेच वाटले का हो तुम्हाला?"

"सारखे कसे असतील? कागद कुजतो तो काय मोजूनमापून कुजतो?"

मालकांना वाटलं, आता हा भांडणार. ह्याने गठ्ठे काढून घेतले, पांढऱ्या कार्डावर सगळ्या पत्रिका फुकट छापून द्यायला सांगितल्या, पैसे आपल्या पगारातून कापा म्हणाला. मग वधूपित्याला आपल्या खुर्चीवर बसवलं, खालून दोन स्पेशल चहा मागवले, आणि आजींनी पत्रिका पहिल्यांदा हातात घेतल्यावर नेमकं काय म्हटलं ते पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं.